खेळातला ‘ळ’

मी बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातला. पोस्ट जरा लांब आहे, सवडीने वाचा.

गेल्या दिवाळीत घर झाडताना सूनबाईंनी विचारलं, “बाबा, ही क्रिकेटची पुस्तकं रद्दीत देऊ का? ‘श्यामची आई’ कपाटात ठेवलीय.” तिची चूक नाही. आपल्याकडे पुस्तकांच्याही पंगती असतात, आणि खेळाची पुस्तकं शेवटच्या पंगतीला. मला मात्र ते पटत नाही.

वडील ताप्ती मिलमध्ये. माझी शाळा हिंदी, दोस्त हिंदी. मराठी उरली ती आईच्या स्वयंपाकघरात. १९८३ ला कपिलदेवने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा मी अकरावीत होतो. पुढे भुसावळचे मामा येताना ‘एकच षटकार’चे अंक आणू लागले. संपादक संदीप पाटील, आणि आत द्वारकानाथ संझगिरींचं लेखन. रेडिओवर ऐकलेली मॅच त्यांच्या लेखात दिसायची. “मराठी वाच रे” असं आई वर्षानुवर्षं सांगत होती. मी वाचायला लागलो तो क्रिकेटपायी.

संझगिरी सिव्हिल इंजिनिअर. मुंबई महापालिकेची नोकरी सांभाळून ते लिहीत राहिले. क्रिकेट, सिनेमा, प्रवास मिळून चाळीसच्या आसपास पुस्तकं झाली. ६ फेब्रुवारी २०२५ ला ते गेले. त्याआधी २०२३ मध्ये वि. वि. करमरकर आणि शिरीष कणेकर गेले. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला हक्काचं अख्खं पान मिळवून दिलं आणि कबड्डी-खोखोलाही मान दिला. पण पेपरचं आयुष्य एका दिवसाचं; दुसऱ्या दिवशी त्यात पोहे बांधतात. कणेकरांचं ‘क्रिकेटवेध’ पुस्तक झालं, म्हणून माझ्या फळीवर आजही आहे. खेळावर लिहिणाऱ्याने पुस्तकही का लिहावं, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच.

आणि ही पुस्तकं हलकी कशी? १९४६ मध्ये ओव्हलवर सरे संघाविरुद्ध आपले चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी हे दहाव्या-अकराव्या नंबरचे गडी २४९ धावांची भागी करून गेले, दोघांचीही शतकं! सरवटे इंदूरच्या होळकर संघाचे. त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. मध्य प्रदेशात मराठी माणसाने काय केलं हे मुलांना सांगायचं, तर सनावळीपेक्षा अशी गोष्ट लवकर पोचते.

आता खरी काळजी. नात नऊ वर्षांची. लिपी हिंदीचीच, त्यामुळे अक्षरं तिला येतात. परवा मुखपृष्ठ वाचताना मात्र ‘खेळ’चं ‘खेल’ केलं. मी म्हटलं, “बेटा, जीभ जरा मागे वळव.” चार वेळा हसली, पाचव्यांदा ‘ळ’ आला. मग स्वतःच म्हणाली, “आजोबा, पुढे काय झालं?” तो ‘पुढे काय झालं’ ऐकायला मी कितीही पुस्तकं घेईन.

म्हणून एक विनंती. गणपतीत बक्षीस म्हणून स्टीलचे डबे पुष्कळ वाटले. यंदा मुलांना त्यांच्या आवडीचं एकेक मराठी पुस्तक द्या, खेळाचं असलं तरी. मोठ्यांचे ग्रंथ ती पुढे वाचतील; आधी वाचायची गोडी तर लागू द्या.

आमच्याकडची पुस्तकं रद्दीत गेली नाहीत. सूनबाईंनीच ती खालच्या फळीवर लावलीत, नातीच्या हाताला येतील अशी.