प्रिंटरचा हरवलेला पत्ता

घरच्या संगणकावर लिनक्स आहे, प्रिंटर वाय-फायवर आहे. काल बिले छापली गेली आणि आज मालाची गाडी दाराशी उभी असताना कागद हलत नाही. अशा वेळी प्रिंटर बहुधा बिघडलेला नसतो, त्याचा पत्ता बदललेला असतो. राउटर प्रत्येक यंत्राला तात्पुरता आयपी पत्ता देतो. वीज जाऊन आली की तो बदलू शकतो, आणि संगणक मात्र जुन्याच दारावर थाप मारीत राहतो.

म्हणून प्रथम प्रिंटरच्या पडद्यावर पत्ता पाहून तो ब्राउझरमध्ये लिहावा. प्रिंटरचे पान उघडले तर जोडणी शाबूत आहे. न उघडल्यास दोघे एकाच वाय-फायवर आहेत का ते पाहावे. पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वाय-फायवरून प्रिंटर सहसा दिसतच नाही.

लिनक्समधील छपाईचा कारभार 'कप्स' ही प्रणाली पाहते. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६३१' लिहिल्यावर तिचे पान उघडते. तेथे 'मॉडिफाय प्रिंटर'मधून नवा पत्ता द्यावा. प्रिंटरपुढे 'पॉज्ड' दिसल्यास 'रिझ्यूम' करावे. एक छपाई फसली की कप्स कधीकधी सारी रांगच थांबवते. हे न कळल्यामुळेच लोक ड्रायव्हर पुनःपुन्हा काढतात आणि घालतात. वस्तुतः 'आयपीपी एव्हरीव्हेअर' वा 'एअरप्रिंट' जाणणाऱ्या प्रिंटरला अलीकडच्या लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर बहुधा लागतच नाही.

पत्ता पुन्हा बदलू नये यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये तो प्रिंटरच्या मॅक क्रमांकाच्या नावे राखून ठेवावा. राउटर बदलला, तर ही नोंद नव्याने करावी लागते.