धक्काशोषकाचा दोष कोठें शोधावा?

छत्रपती संभाजीनगराहून पडेगांव ओलांडून दौलताबादच्या वाटेस लागलें म्हणजे काळ्या खडकाचे उंचवटे दिसूं लागतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसापासून बनलेला हा बेसाल्ट. दौलताबादचा किल्ला याच खडकांत कोरलेला आहे. तो पाहून वडील मंडळींस इतिहास आठवतो. मुलांस मात्र आपली रेडिओवर चालणारी 'रॉक क्रॉलर' मोटार त्यावर चढवून पाहण्याची इच्छा होते. वेगानें धांवणें हें या मोटारीचें काम नव्हे. चारी चाकें खडकाला टेकवून सावकाश चढणें हेंच तिचें कसब.

हें कसब बहुतांशीं तिच्या चार धक्काशोषकांवर अवलंबून असतें. त्यांनाच कारागीर सुटसुटीतपणें 'शॉकअप' म्हणतात. एखादें चाक अधांतरीं राहूं लागलें किंवा गाडी एका अंगास कलूं लागली कीं मुलें म्हणतात, "शॉकअप गेले, नवे आणा." एकत्र कुटुंबांत खेळणें चौघांचें, त्यामुळें वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "कोणीं मोडलें?" आमच्या मतें खरा प्रश्न "काय बिघडलें?" हा आहे, आणि त्याचें उत्तर घरींच मिळण्यासारखें आहे.

धक्काशोषक म्हणजे एक लहानशी बंद पिचकारी होय. नळींत तेल, तेलांत बारीक छिद्रांचा दट्ट्या, दट्ट्याला दांडा व बाहेरून स्प्रिंग. स्प्रिंग भार तोलते. छिद्रांतून सावकाश सरकणारें तेल तिची उसळी शमवितें. दांडा जेथून बाहेर येतो तेथें रबरी कडी तेल अडवून धरते.

प्रथम चारी धक्काशोषक सोडवून आंस हातानें वरखालीं करून पाहावा. तो अडखळत असेल तर तो अडथळा धक्काशोषकांचा नव्हे. जोडदांड्यांचे स्क्रू फार आवळले गेले असतील अथवा सांध्यांत माती बसली असेल. आंस मोकळा हलत असेल तरच पुढें जावें.

मग स्प्रिंग काढून प्रत्येक दांडा सावकाश दाबावा. विरोध मुळींच नसेल व नळी बाहेरून तेलकट असेल, तर रबरी कडी झिजली आहे. परंतु नवी कडी बसविण्यापूर्वीं दांड्यावरून नख फिरवावें. खडकाच्या कचीनें ओरखडा पडला असल्यास तो नवी कडीहि कापील. तेव्हां दांडाहि बदलणें भाग आहे. दांडा कांहीं अंतर सुरळीत जाऊन मध्येंच पोकळ लागत असेल व आंत चुळचुळ ऐकूं येत असेल, तर तेल कमी होऊन हवा शिरली आहे. एकाच ठिकाणीं अडकत असेल तर दांडा वांकला आहे. सोडवून कांचेवर लोटला कीं वांक दिसतो. हें सर्व ठीक असून गाडी कलत असेल, तर दोन्ही अंगांच्या स्प्रिंगांची लांबी व त्यांचा ताण जुळवून पाहावा.

तेल सिलिकॉनचेंच घालावें. खनिज तेलानें त्यांतील कित्येक रबरी कड्या फुगतात. खाद्यतेल कालांतरानें चिकट होतें. सिलिकॉन तेलाचा दाटपणा उन्हाळ्याहिंवाळ्यांत त्या मानानें कमी बदलतो, हा मराठवाड्याच्या हवेंत मोठाच लाभ. मात्र फार दाट तेल घातल्यास चाक खळग्यांत वेळेवर उतरत नाहीं. भरतांना दांडा पूर्ण बाहेर ओढून तेल ओतावें, दट्ट्या तेलांतच हळूहळू हलवावा, बुडबुडे वर येऊन थांबेपर्यंत धीर धरावा आणि मगच गाडीसोबतच्या पुस्तिकेप्रमाणें टोपण लावावें. एका वेळीं एकच फेरफार करून तो वहींत टिपावा. दोन केल्यास गुण कशानें आला हें कळत नाहीं.

हा उद्योग क्षुल्लक समजूं नये. याच शहराजवळ वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही तेथीलच कंपनी दुचाकींचे धक्काशोषक बनविते. खऱ्या दुचाकीच्या व या खेळण्याच्या धक्काशोषकाचें मूलतत्त्व एकच आहे.

ज्या घरांत प्रथम अपराधी शोधला जातो, तेथें मूल गळका धक्काशोषक लपवून ठेवतें. कच आंत जाऊन नळी घासते आणि आठ आण्यांचें काम आठ रुपयांवर जातें. ज्या घरांत प्रथम दोष शोधला जातो, तेथें तेंच मूल तेलाचा पहिला थेंब दिसतांच मोटार आजोबांपुढें आणून ठेवतें. वाचकांनीं आपल्या घरीं यांपैकीं कोणती रीत आहे, हें एकदां पाहावें, इतकीच आमची विनंति.