विश्लेषण : प्राइड म्हणजे मोर्चा की मिरवणूक? तो सर्वांचा कशाने होतो?

जून उजाडला की अनेक कंपन्यांच्या बोधचिन्हांवर इंद्रधनुष्याचे रंग चढतात, कार्यालयांत केक कापले जातात, एखाद्या महाविद्यालयात व्याख्यान होते. जुलै लागला की रंग उतरतात. मुंबईतील एलजीबीटीक्यू समुदायाचा मोर्चा मात्र साधारणपणे जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघतो आणि दिल्लीतला नोव्हेंबरात. म्हणजे ज्या महिन्यात कार्यालये हा सोहळा साजरा करतात, त्या महिन्यात मुंबईच्या रस्त्यावर पाऊस असतो, मोर्चा नसतो. प्राइड कुणासाठी आहे आणि तो साजरा करायचा तर नेमके काय करायचे, याचा विचार या विसंगतीपासून सुरू करता येतो.

सुरुवात कुठे झाली?

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात ‘स्टोनवॉल इन’ नावाचा बार होता. २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी तिथे धाड घातली. अशा धाडी नेहमीच्याच होत्या. लोक निमूट गाडीत बसत किंवा पळून जात. त्या रात्री तसे झाले नाही. गर्दी जमली, पोलिसांशी झटापट झाली आणि पुढचे काही दिवस त्या भागात निदर्शने होत राहिली. बरोबर वर्षभराने, २८ जून १९७० रोजी, त्याच परिसरातून मोर्चा निघाला. आज ज्याला प्राइड म्हटले जाते त्याचा हा आरंभ. सहा रंगांचा झेंडा नंतरचा. गिल्बर्ट बेकर यांनी तो १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार केला, तेव्हा त्यात आठ रंग होते. गुलाबी कापड पुरेसे मिळेना म्हणून तो पट्टा गळाला, नंतर आणखी एक कमी झाला. जगभर पोहोचलेल्या या चिन्हाच्या घडणीत विचारसरणीइतकाच कापडाच्या तुटवड्याचाही वाटा आहे.

भारतात काय घडले?

भारतातील पहिली यात्रा २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात निघाली. तिला ‘फ्रेंडशिप वॉक’ असे सौम्य नाव होते आणि चालणारे जेमतेम पंधरा जण होते. त्याआधी ऑगस्ट १९९२ मध्ये ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने दिल्ली पोलीस मुख्यालयासमोर समलिंगींच्या छळाविरुद्ध निदर्शने केली होती. जून २००८ मध्ये दिल्ली, बेंगळूरु आणि कोलकाता या तीन शहरांत एकाच दिवशी मोर्चे निघाले. त्यानंतर दीडच महिन्याने, १६ ऑगस्टला, मुंबईत ‘क्विअर आझादी’ मोर्चा निघाला. जागा होती ऑगस्ट क्रांती मैदान. १९४२ मध्ये जिथून इंग्रजांना ‘चले जाव’ बजावले गेले, तिथूनच १८६० च्या इंग्रजी दंडविधानातील कलम ३७७ लाही चले जाव सांगायचे, असा त्यामागचा अर्थ. पुण्यात डिसेंबर २०११ मध्ये पहिली अभिमान पदयात्रा निघाली.

या मोर्चांचा न्यायालयीन लढ्याशी थेट संबंध आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. एप्रिल २०१४ मध्ये ‘नाल्सा’ निकालाने तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, तर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कलम ३७७ चा तो भाग पुन्हा रद्द केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. मोर्चात ज्यांचे वय वाढत गेले, त्यांनी पंधरा वर्षांत स्वतःला कायद्याच्या नजरेत एकदा निर्दोष, पुन्हा गुन्हेगार आणि पुन्हा निर्दोष होताना पाहिले आहे.

‘पण हे रस्त्यावर मिरवायचे कशाला?’

हा प्रश्न सभ्य माणसेही विचारतात. घरात कोण काय करते याच्याशी कुणाला देणेघेणे नाही, मग ढोल, रंग, नाच कशासाठी, असा त्यांचा सूर असतो. मराठीत मोर्चा आणि मिरवणूक हे दोन वेगळे शब्द आहेत. मोर्चात मागणी असते, मिरवणुकीत आनंद. प्राइडमध्ये दोन्ही मिसळतात आणि तिथेच लोकांची पंचाईत होते. पण लग्नाची वरात रस्त्यावरूनच जाते, विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालते, आणि त्यांना ‘घरात करा’ असे कुणी म्हणत नाही. स्त्री-पुरुषाचे नाते आपल्याकडे पत्रिकेवर छापून, मांडव घालून, लाऊडस्पीकर लावून जाहीर केले जाते. ज्यांना आयुष्यभर लपायला लावले, त्यांनी वर्षातले तीन तास न लपता चालायचे ठरवले तर त्यात मिरवण्यापेक्षा मागणीच अधिक आहे.

समुदायाच्या आतही हा वाद आहे. लोकांना बिचकवू नये म्हणून ‘साधे, शोभेल असे कपडे घालून या’, अशी सूचना काही आयोजकांनी केली आणि त्यावरून तट पडले, असे आपल्या शहरांतही घडले आहे. सूचनेमागचा हेतू समजण्यासारखा आहे: शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहावे आणि घाबरू नये. पण ज्या पारलिंगी स्त्रीला साडी नेसण्यावरूनच घराबाहेर काढले गेले, तिला ‘शोभेल असे’ म्हणजे काय, हे कोण सांगणार? ‘सभ्यते’ची अट आली की पहिल्यांदा तीच गळते.

छायाचित्राची एवढी भीती का?

सर्वसमावेशक आयोजनाच्या चर्चेत झेंडे, फलक, पाहुणे यांवर बराच वेळ जातो. सगळ्यात आधी विचार व्हायला हवा तो कॅमेऱ्याचा. डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लीम विद्यापीठात मराठी शिकवत आणि मराठीत कविता लिहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि दुसऱ्या पुरुषासोबत असताना त्यांचे चित्रीकरण केले. घुसखोरांऐवजी सिरस यांच्यावरच कारवाई झाली. त्यांना निलंबित करण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल येऊन तेव्हा सात महिने झाले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला त्यांना दिलासा दिला. ७ एप्रिलला ते त्यांच्या भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत आढळले. ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच आहे.

मोर्चातले छायाचित्र आणि घरात घुसून केलेले चित्रीकरण यांत फरक आहे, हे खरेच. पण परिणाम भोगणाऱ्याच्या दृष्टीने तो फार नसतो. मोर्चात हसत चाललेल्या मुलीचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, गावाकडच्या कुणाच्या तरी मोबाइलवर पोहोचते आणि तिचे शिक्षण थांबते, खोली रिकामी करावी लागते किंवा घाईने स्थळ पाहिले जाते. म्हणूनच सुरुवातीच्या मोर्चांत आयोजक येणाऱ्यांना मुखवटे वाटत. मुखवटा घालून अभिमान कसला, अशी टिंगल तेव्हाही झाली. खरे तर ज्याला चेहरा दाखवणे परवडत नाही, तोही मुखवट्यामुळे चालू शकत होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणाविषयीच्या निकालात लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभा मानला आहे. आपली ओळख कधी, कुणाला सांगायची हे ज्याचे त्याने ठरवायचे.

आयोजनात याचा अर्थ सोपा आहे. प्रवेशद्वारापाशीच दोन रंगांच्या फिती ठेवाव्यात: एक ‘छायाचित्र चालेल’ यासाठी, दुसरी ‘नको’ यासाठी. मैदानाचा एक भाग कॅमेऱ्याविना राखावा, पत्रकारांना हा नियम आधी लेखी द्यावा आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला माणूस नेमावा. सभागृहातल्या कार्यक्रमात हे सहज होते. उघड्या रस्त्यावर प्रत्येक मोबाइल आवरता येत नाही, आणि तसे आश्वासन देणे ही फसवणूक ठरेल. तेव्हा मोर्चाच्या निमंत्रणातच ‘रस्त्यावर छायाचित्रे निघतील, हवे असल्यास मुखवटा मिळेल’ असे स्पष्ट लिहिलेले बरे.

कॅमेऱ्याहून कमी दिसणारे धोकेही आहेत. नावनोंदणीच्या ऑनलाइन अर्जात आधार कार्डावरचे नाव मागितले जाते. ते पारलिंगी व्यक्तीने मागे टाकलेले नाव असू शकते. व्हॉट्सअ‍ॅप गट काढला की सर्वांचे मोबाइल क्रमांक सर्वांना दिसतात. तिकिटाचे पैसे यूपीआयने घेतले की बँक खात्यातले नाव समोरच्याला कळते. प्रमाणपत्र किंवा आभारपत्र घरच्या पत्त्यावर टपालाने पाठवणारे उत्साही आयोजकही असतात. यातल्या कशातही दुष्टावा नाही. ज्यांना लपावे लागलेले नाही, त्यांच्या हे लक्षात येत नाही, इतकेच.

मग आयोजनाची सुरुवात कुठून करावी?

‘कोण येतील?’ याऐवजी ‘कोण येऊ शकणार नाहीत?’ असे विचारले की यादी आपोआप तयार होते. चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती मंचावर कशी जाणार? ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी आहे का? गोंगाट सहन न होणाऱ्याला बसायला शांत कोपरा आहे का? तृतीयपंथी व्यक्तीने कोणत्या स्वच्छतागृहात जायचे, हे आधी ठरले आहे का, की ते दारावरच्या रखवालदारावर सोडले आहे? स्वच्छतागृहाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याच एका कारणासाठी दिवसभर पाणी न पिणारी माणसे या शहरात आहेत.

भाषेचे आणि जातीचे प्रश्न याहून अवघड. शहरी कार्यक्रमांतली परिसंवादाची भाषा बहुतेकदा इंग्रजी असते आणि त्यातल्या संज्ञाही. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, आंतरलिंगी असे मराठी शब्द गेली अनेक वर्षे वापरात आहेत, तरी व्यासपीठावर ते क्वचित ऐकू येतात. तृतीयपंथी गुरू-चेल्यांना मात्र आवर्जून बोलावले जाते, ते नाचण्यासाठी. विचार मांडायला इंग्रजी बोलणारा, गर्दी खेचायला ढोलकीवर थिरकणारा, ही वाटणी जिथे होते तिथे झेंड्यावरचे रंग किती हे मोजण्यात अर्थ नाही. निदान नाचणाऱ्यांना बिदागी द्यावी आणि त्यांच्यातल्या कुणाला तरी नियोजनाच्या बैठकीत बसवावे. तेही मोर्चाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, पहिल्या बैठकीपासून. दिल्लीच्या मोर्चात २०१५ मध्ये दलित क्विअर कार्यकर्त्यांनी आपली जात उघडपणे सांगत फलक हाती घेतले, तेव्हा चळवळीतल्याच अनेकांना ते खटकले होते. आपल्या आतही कुणी वरचढ आहे, हे ऐकणे कुठल्याच चळवळीला सोपे जात नाही.

परवानगीचे प्रकरण वेगळेच. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानातून मोर्चाला परवानगी नाकारली. मग लोक आझाद मैदानात जमले आणि तिथल्या घोषणांवरून राजद्रोहाचा गुन्हाही दाखल झाला. मिरवणूक म्हणून परवानगी मागितली तरी प्रशासन तिच्याकडे मोर्चा म्हणूनच पाहते, हे त्या वर्षी स्पष्ट झाले. त्यामुळे ओळखीचा वकील, त्याचा क्रमांक स्वयंसेवकांकडे, आणि परतीच्या वाटेवर एकट्या-दुकट्याला स्टेशनपर्यंत सोडण्याची व्यवस्था या गोष्टी ध्वनिक्षेपकाइतक्याच आवश्यक ठरतात. रंगीत चेहऱ्याने लोकलमध्ये चढताना रंग पुसायला पाणी आणि टॉवेल मिळाला, तरी पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो.

पैसा कुणाचा घ्यावा?

दिल्लीचा मोर्चा कंपन्यांचे प्रायोजकत्व घेत नाही. समुदायाच्या वर्गणीवर चालतो. गणेशोत्सव मंडळाला जसा जाहिरातदाराचा फलक कुठे लावायचा याचा पेच पडतो, तसाच तो इथेही आहे. प्रायोजक आला की मंच मोठा होतो आणि घोषणा सौम्य होतात. शिवाय तो टिकेलच असे नाही. अमेरिकेतील राजकीय वारे बदलले तसे २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को प्राइडचे काही बडे प्रायोजक मागे हटले आणि आयोजकांची तारांबळ उडाली. कंपन्यांचा पैसा नकोच, असे म्हणणे लहान शहरांतल्या गटांना परवडणारे नाही. पण मंच, दुभाषी आणि स्वच्छतागृहे यांचा खर्च वर्गणीतून निघावा आणि प्रायोजकाच्या पैशातून वरची सजावट व्हावी, एवढी दक्षता घेता येते. प्रायोजक गेला तर फुगे कमी होतील, माणसे नव्हेत.

कार्यालयातल्या प्राइडचे काय?

तो बंद करावा असे नाही. केक कापावा, पण त्याच दिवशी मनुष्यबळ विभागाने चार उत्तरे द्यावीत. आरोग्य विम्यात समलिंगी जोडीदार धरला जातो का? भविष्य निर्वाह निधी, विमा अशा कागदपत्रांवर ‘नाते’ या रकान्यात काय लिहायचे, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे का? केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून नेमण्यास कोणतीही आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. पगार खाते असलेल्या बँकेच्या शाखेला ते माहीत आहे का? आणि लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रार करण्याचा हक्क स्त्रियांनाच देतो, तेव्हा छळ झालेल्या समलिंगी पुरुषाने कुणाकडे जायचे? कंत्राटी सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक या सोहळ्यात पाहुणे असतात की फक्त खुर्च्या मांडणारे, हेही पाहायला हवे. त्यांच्यातही समलिंगी असतात.

समुदायाबाहेरच्यांनी मोर्चात यावे का, असेही नेहमी विचारले जाते. यावे. समलिंगी मुलांच्या आईवडिलांचा ‘स्वीकार’ हा गट अशा मोर्चांत चालतो. विवाहाच्या खटल्याच्या वेळी, २०२३ मध्ये, या गटाच्या शेकडो पालकांनी सरन्यायाधीशांना पत्रही लिहिले होते. अशा पालकांना बाजूने चालताना पाहून मुखवटा घातलेल्या एखाद्या मुलाला काय वाटत असेल, हे कुठल्याही अहवालात येत नाही. त्यांच्यासाठी वेगळे व्यासपीठ लागत नाही. उन्हात बसायला खुर्च्या आणि मागच्या रांगेत थोडी मोकळी जागा पुरते. त्या रांगेत ते बहुधा शेवटपर्यंत चालतात आणि कार्यक्रम संपल्यावर झेंडे गोळा करायलाही थांबतात.