मनाची मरगळ आणि झाडपाला

देवासहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये, ही त्यांची विनंती आम्ही अर्थातच पाळतो. त्यांच्या सासूबाई सत्तरीच्या घरात आहेत. दिवाळीनंतर धाकटा मुलगाही नोकरीसाठी पुण्यास गेला, आणि तेव्हापासून त्यांचे कशातच मन लागत नाही. पहाटे तीनलाच जाग येते, पूजा कशीबशी उरकते, भजनी मंडळ सुटले, वाढलेले ताट अर्धे तसेच राहते. थायरॉइडची गोळी कित्येक वर्षांपासून चालू आहे. पत्राच्या शेवटी भगिनी विचारतात : ‘मनाचे औषध म्हटले तर त्या रागावतील. घरात अश्वगंधा आणि ब्राह्मी आहे. रात्रीच्या दुधातून, त्यांना कळू न देता, चूर्ण दिले तर चालेल काय?’

मुले इंदूर, पुणे, बंगळूर येथे आणि वडीलधारी मंडळी जुन्या वाड्यात, अशी घरे धार-देवासात आता थोडीथोडकी नाहीत. तेव्हा हा प्रश्न एकट्या या भगिनीचा नव्हे, असे समजून उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

झाडपाल्याने उदास मन हलके होते, ही समजूत अगदीच निराधार नाही. युरोपात सेंट जॉन्स वॉर्ट नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती यासाठी फार दिवसांपासून वापरात आहे. २००८ साली एकोणतीस चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ही वनस्पती नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या औषधांच्या बरोबरीची ठरली. परंतु हीच वनस्पती रक्त पातळ ठेवणाऱ्या, हृदयाच्या आणि संततिनियमनाच्या काही गोळ्यांचा प्रभाव कमी करते, आणि उदासीनतेवरील गोळ्यांबरोबर घेतल्यास धोका संभवतो. परदेशातून मुलांनी प्रेमाने आणलेली बाटली म्हणूनच डॉक्टरांस दाखविल्यावाचून उघडू नये. केशरावरही सौम्य उदासीनतेसाठी, विशेषतः इराणात, चाचण्या झाल्या. निष्कर्ष आशादायक आहेत; मात्र चाचण्या लहान, बहुधा सहा-आठ आठवड्यांच्या, आणि बाजारात केशर म्हणून मिळणारे सारेच केशर नसते.

अश्वगंधा तर आपल्या माळव्याचेच पीक. नीमच-मंदसौरकडे तिची शेती होते आणि नीमचच्या मंडीत मुळ्यांचे ढीग लागतात. ताण आणि झोप यांवर तिचा काही उपयोग होतो, असे लहान चाचण्यांत दिसले आहे. पण ती थायरॉइडच्या स्रावावर परिणाम करू शकते, झोपेच्या गोळ्यांचा अंमल वाढवू शकते, आणि क्वचित यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गर्भवतीने ती घेऊ नये. ब्राह्मीचा घोळ निराळाच. या एकाच नावाने दोन वनस्पती विकल्या जातात : गोल पानांची मंडूकपर्णी आणि बारीक, मांसल पानांची जलब्राह्मी. दोहोंची ख्याती स्मरणशक्तीसाठी आहे. उदासीनतेवरील पुरावा तुटपुंजा आहे.

‘वनस्पतीच ती, अपाय काय करणार?’ असे म्हणणाऱ्यांनी सर्पगंधा आठवावी. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कलकत्त्याच्या वैद्यकज्ञांनी तिचे गुण जगापुढे मांडले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि रक्तदाबावर ते जगभर वापरले गेले. पुढे काही रुग्णांत त्यामुळे खोल उदासीनता येत असल्याच्या नोंदी झाल्या. त्या संबंधाविषयी आज मतभेद आहेत. पण जे मुळी रक्तदाब उतरवू शकते, ते इतरही काही करू शकते, एवढा धडा पुरेसा आहे.

आता पत्रातील खरा शब्द : ‘कळू न देता’. आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. थायरॉइडची गोळी चालू असताना हे चूर्ण गुपचूप देणे शरीरास धोक्याचे, आणि मनास त्याहून अधिक. ज्या दुखण्याविषयी घरात बोलता येत नाही, ते दुखणे लपवाछपवीने वाढतच जाते. मनाचे दुखणे ही काही आजची टूम नव्हे. धारच्या भोजराजाने अकराव्या शतकात योगसूत्रांवर ‘राजमार्तंड’ ही वृत्ती लिहिली. ‘दौर्मनस्य’ म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या कारणांनी मनास येणारी अस्वस्थता, असा अर्थ तीत सांगितला आहे. चरकानेही औषधयोजनेच्या जोडीला ‘सत्त्वावजय’, म्हणजे मनाला आवर आणि आधार देण्याची चिकित्सा, स्वतंत्रपणे मांडली. तेव्हा सासूबाईंना हे नाव घेऊन सांगण्यात कमीपणा तो कसला?

देवासकरांस तर उदाहरण दूर शोधावयास नको. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी आपल्या गावी आले. गाण्यास बंदी होती. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्याची लोकगीते ऐकत. क्षय हटला तो त्या काळी नव्याने आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने आणि घरच्यांच्या शुश्रूषेने. मन तगले ते कानांवर पडणाऱ्या गाण्याने, असे आम्हांस वाटते. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. गोळी आणि गाणे यांचे वैर नसते.

भगिनीस आमचे सांगणे असे. पहाटेची जाग आणि अन्नावरून उडालेली वासना दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर दुखणे सौम्य समजू नये. थायरॉइडची मात्रा कमी पडली किंवा ब-१२ जीवनसत्त्व उणे झाले, तरीही मन असेच मंदावते. म्हणून प्रथम रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांस आणि वैद्यांस, दोघांसही, चालू असलेले प्रत्येक औषध सांगावे. सकाळच्या उन्हात, माताजींच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत का होईना, रोज त्यांच्यासोबत चालावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा कानांवर आली, तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी चोवीस तास विनामूल्य चालू असतो.

आणि आज रात्री दूध द्यावे ते साधेच. मात्र पेला ठेवून लगेच उठू नये. पाच मिनिटे जवळ बसून विचारावे, ‘आई, धाकट्या भावजींची फार आठवण येते ना?’ उत्तरास वेळ लागला, तरी बसून राहावे.