वेगवान डिस्क हे उत्तर नव्हे

सेकंदाला दहा कोटी बाइट लिहू शकणारी हार्ड डिस्क सव्वातीन लाख बाइटांपुढे दमते, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल काय? हिशेब करून पाहा.

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक पोर्टमधून किती माहिती आली आणि किती गेली, याची नोंद साधारणपणे दर पाच मिनिटांनी घेतात. इंग्लंडमधील लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात हजाराहून अधिक संगणकांसाठी सेकंदाला ६४ किलोबिटची एकच वाहिनी होती. तिच्यावरील गर्दी दाखविण्यासाठी टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये एमआरटीजी ही आज्ञावली लिहिली. १९९९ मध्ये त्यांचेच आरआरडीटूल आले. त्याची फाइल रहाटगाडग्यासारखी असते. नवी नोंद सर्वांत जुनीच्या जागी बसते, त्यामुळे फाइल कधी फुगत नाही.

समजा, २०,००० पोर्ट आहेत. प्रत्येकाच्या दोन नोंदी, एक नोंद ८ बाइटांची. एकूण ३,२०,००० बाइट. ओळीने लिहिले तर हे काम तीन-चार मिलिसेकंदांचे. पण प्रत्येक पोर्टची फाइल वेगळी, तिची जागा वेगळी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते. हेड योग्य वर्तुळावर सरकण्यास साधारण ८ धरा. एका हेलपाट्याला १२ मिलिसेकंद, २०,००० हेलपाट्यांना २४० सेकंद! पोर्ट २५,००० झाले की पाचही मिनिटे संपली. (संगणक हेलपाट्यांचा क्रम थोडाफार सुधारतो, उलट फाइलचा आरंभ वाचण्याचे जादा हेलपाटेही पडतात. दोन्ही येथे सोडले आहेत.)

अशा वेळी ‘जास्त वेगाची डिस्क घ्या’ असे सांगणे मला आळशीपणाचे वाटते. तबकडी दुप्पट वेगाने फिरविली तरी बारापैकी दोनच मिलिसेकंद वाचतात. २००९ मध्ये आरआरडीटूलबरोबर आलेल्या आरआरडीकॅशडीने निराळा मार्ग धरला. नोंदी मेमरीत साठवायच्या आणि एका फाइलच्या साऱ्या एकदम लिहायच्या. तासाभराच्या बारा नोंदी एका हेलपाट्यात गेल्या, तर २४० सेकंदांचे २० होतात.

पण वीज गेली तर? मेमरी पुसली जाते, आणि नेमक्या त्याच तासाच्या नोंदी सर्वांना हव्या असतात. म्हणून येणारी प्रत्येक नोंद एका रोजकीर्दीतही ओळीने लिहिता येते. तेथे हेडला फारसे हलावे लागत नाही. वेगापेक्षा ही रोजकीर्द मला अधिक मोलाची वाटते. सॉलिड स्टेट डिस्कला हेड नसते हे खरे. पण ती मोठमोठे भाग एकदम पुसते. विखुरलेल्या चिमुकल्या लेखनाने तीही लवकर झिजते.

शिक्षकहो, वर्तुळाकार गतीची उदाहरणे देताना आपण पंखा आणि चाक यांपलीकडे जात नाही. त्यांऐवजी हे घालून पाहा: नोंद दर मिनिटाला घ्यायची ठरली, तर साठवण न करता किती पोर्ट झेपतील? आणि तासाची साठवण केल्यास तो आकडा नोंदींच्या वारंवारतेवर अवलंबून का राहत नाही?