जाळे कोणी कुरतडले?



आस्वादपर लेखन करावयास सांगितले की आपल्यापैकी बहुतेकजण कलाकृतीचा सारांश लिहितात, अखेरीस ‘ही कलाकृती मनाला भिडते’ असे एक वाक्य जोडतात आणि प्रतिक्रिया पूर्ण झाली असे मानतात. मीही हेच करीत आले. सात मिनिटांच्या एका अॅनिमेशनपटाने माझी ही सवय मोडली.

‘एक, अनेक और एकता’ हा तो लघुपट. १९७४ साली तो विजया मुळे यांनी केला. चित्रे हलती केली भीमसेन यांनी आणि संगीत दिले वसंत देसाई यांनी. मुळे यांचा जन्म १९२१ मधला, मुंबईतला. इंग्लंडमधील लीड्स येथे त्यांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे शिक्षणक्षेत्रातच काम केले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोचविण्यात आली, त्या प्रयोगासाठी कार्यक्रम तयार करण्यातही त्यांचा वाटा होता. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मी हा लघुपट पाहिला तो पुढे दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या ओसरीत दाटीवाटीने बसून.

तेव्हा मला त्यातले उंदीर आवडले होते. एवढीच माझी पहिली प्रतिक्रिया, आणि ती लिहिण्याजोगी आहे असे मला कधी वाटले नाही.

आता मी विष्णुपुरीत राहते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ येथेच आहे. त्याच्या फाटकावरून मी रोज कामाला जाते. शिक्षण मात्र आपल्यासारखेच या पुस्तिकांतून, रात्री भांडी आवरल्यावर. समासाचा घटक वाचताना ‘अनेक’ हा शब्द आला: न एक, ते अनेक, नञ् तत्पुरुष. तत्क्षणी तो लघुपट आठवला, कारण त्याची सुरुवात याच प्रश्नाने होते. लहान मुलगा ताईला ‘अनेक म्हणजे काय’ असे विचारतो. ताई व्याख्या सांगत नाही. सूर्य एक, चंद्र एक, तारे मात्र पुष्कळ, असे ती दाखविते. मग खारी येतात, एकीच्या अनेक होतात. विग्रह पाठ करण्याआधी मला कोणी असे दाखविले असते तर, असा थोडा मत्सरही वाटला.

लघुपट पुन्हा पाहिला. शिकाऱ्याच्या जाळ्यात चिमण्या सापडतात, एकजुटीने जाळ्यासकट उडतात, दूर एका गावी त्यांचे मित्र असलेले उंदीर ते जाळे कुरतडतात. येथे मी थांबले. पंचतंत्रातील कबुतरे आणि हिरण्यक उंदीर आपल्या परिचयाचे आहेत. तेथे ही गोष्ट मित्रसंप्राप्तीची, म्हणजे मैत्रीची आहे. लघुपटात तीच गोष्ट एकतेची होते आणि उंदरांच्या वाट्याला जेमतेम काही क्षण येतात. परंतु आपणच पाहावे: एकीमुळे चिमण्या उडाल्या, सुटल्या नाहीत. जाळे त्यांच्याबरोबरच होते. सुटका केली ती चिमणी नसलेल्या, उडता न येणाऱ्या प्राण्याने. सारख्यांची एकी आणि वेगळ्याची मदत या दोन भिन्न गोष्टी आहेत. लघुपट त्या एकाच शब्दात बसवितो, हे मला पटत नाही. विशेषतः नांदेडमध्ये, जेथे एका गल्लीत मराठी, दखनी, तेलुगू, गोरमाटी आणि पंजाबी कानावर पडते, तेथे हा फरक पुसून चालणार नाही.

हा आक्षेप मी स्वाध्यायात लिहावा की नाही, याचा दोन दिवस विचार केला. ज्या लघुपटावर एवढी मुले वाढली, त्यात उणीव काढणारी मी कोण? पण मग वाटले, बोट दाखवून शिकविणाऱ्या ताईने आपल्याला पाहायला लावले, आणि पाहिल्यावर जे दिसले ते सांगितलेच नाही तर तिचे शिकविणे वाया जाईल. मी लिहिले. सारांशाला चार ओळी दिल्या, उरलेले पान उंदरांना.

त्याच रात्री धाकट्या मुलीला मोबाइलवर तो लघुपट दाखविला. माझा आक्षेप तिच्या गावीही नव्हता. तिने एवढेच विचारले, “आई, मग त्या शिकाऱ्याच्या घरी त्या दिवशी काय शिजलं?”