इंग्रजीचे शिक्षक : पारपत्र आणि पात्रता

मध्यमवर्गीय मराठी घरात कला शाखेच्या पदवीधराला 'पुढे काय?' हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा तो अभियंत्याला विचारला जात नाही. बी.एड. करून नोकरीची वाट पाहावी, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात उमेदीची चार-पाच वर्षे घालवावीत किंवा मिळेल ते काम पत्करावे, एवढेच मार्ग त्याच्यासमोर मांडले जातात. अलीकडे त्यांत एका नव्या वाटेची भर पडली आहे. इंग्रजी अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन थायलंड, व्हिएतनाम, जपान यांसारख्या देशांत शिकवण्यासाठी जाणे, ही ती वाट. ती खरी आहे आणि सन्मानाचीही आहे. मात्र जाहिरातींत दिसते तितकी ती सपाट नाही.

परक्यांना इंग्रजी शिकवणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली या कामासाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण सुरू केले. त्याच परंपरेतून पुढे केंब्रिज विद्यापीठाचा 'सेल्टा' हा अभ्यासक्रम आकाराला आला. सुमारे १२० तासांच्या या अभ्यासक्रमात उमेदवाराला सहा तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून शिकवावे लागते. अनुभवी प्रशिक्षक मागे बसून त्याचा प्रत्येक पाठ तपासतात. हे सहा तासच सर्वांत मोलाचे. शनिवार-रविवारी संगणकापुढे बसवून सोमवारी प्रमाणपत्र हाती देणारे वर्ग आज गल्लोगल्ली निघाले आहेत. पोहण्यावरचे पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकत नाही, हे तेथे पैसे भरण्यापूर्वी आठवावे.

उत्तम प्रशिक्षण घेतले, तरी पुढे एक भिंत उभी असते. ती गुणवत्तेची नाही, पारपत्राची आहे. दक्षिण कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकाला दिला जाणारा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांसाठी आहे. या देशांतील कोणत्याही विषयाचा पदवीधर त्यास पात्र ठरतो. इंग्रजी साहित्यात एम.ए. झालेली पुण्याची विद्यार्थिनी मात्र ठरत नाही. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी कराराने भारतीयांसाठी दार किलकिले केले, तेही 'सहायक' शिक्षक म्हणून. इतरत्रही अनेक ठिकाणी नेमणुकीत आणि वेतनात हाच भेद आढळतो. इंग्रजी ज्याच्या घरात बोलली जाते, तोच ती उत्तम शिकवू शकतो, ही समजूत त्यामागे आहे.

ही समजूत शास्त्राच्या कसोटीवर टिकलेली नाही. श्रीनगरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ साली इंग्रजीच्या तीन वर्तुळांची मांडणी केली. भारतासारख्या देशांतील इंग्रजी ही कोणाची बिघडलेली नक्कल नसून ते त्या भाषेचे एक स्वतंत्र रूप आहे, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. मातृभाषकच श्रेष्ठ शिक्षक असतो, हा निव्वळ भ्रम असल्याचे रॉबर्ट फिलिप्सन या ब्रिटिश अभ्यासकाने १९९२ साली आपल्या ग्रंथात सप्रमाण मांडले.

याचा प्रत्यय मराठी माणसाला एका साध्या वाक्यातून येऊ शकतो. 'मी शाळेत जातो' हे जपानी भाषेत 'वाताशी वा गाक्को नि इकिमास' असे होते. मी, शाळा, मग 'त'सारखा प्रत्यय आणि शेवटी क्रियापद, हा क्रम मराठीचाच आहे. कोरियन वाक्याची घडणही अशीच असते. इंग्रजीतील 'अ' आणि 'द' ही उपपदे या तिन्ही भाषांत नाहीत. टोकियोतील मुलगा ज्या पायरीवर ठेचकाळतो, त्याच पायरीवर साताऱ्यातील मुलगाही ठेचकाळलेला असतो. ज्याला इंग्रजी पाळण्यातच मिळाली, त्याला ही पायरी दिसतही नाही. जो ती चढून आला, तो दुसऱ्याचा हात धरू शकतो. मात्र त्यासाठी आपल्या भाषेचे व्याकरण पक्के हवे. मराठी कच्ची ठेवून इंग्रजी शिकलेल्याकडे तुलनेचे हे साधनच उरत नाही.

अध्यापनशास्त्रातही भारताने केवळ घेतले आहे असे नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील सामान्य शाळांमध्ये एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी मुलांना वेळापत्रके, नकाशे यांवर आधारित कोडी सोडवायला दिली. 'बंगळूर प्रकल्प' म्हणून ओळखला जाणारा हा प्रयोग आज जगभरच्या प्रशिक्षण वर्गांत अभ्यासला जातो. भारतीय उमेदवाराने न्यूनगंड बाळगण्याचे काहीही कारण नाही.

अर्थात, आत्मविश्वास आणि भाबडेपणा यांत अंतर आहे. चीनने २०२१ च्या जुलैमध्ये खासगी शिकवण्यांवर कठोर निर्बंध घातले आणि परदेशांतून संगणकाद्वारे इंग्रजी शिकवणाऱ्या हजारोंचे उत्पन्न अल्पावधीत बुडाले. एकाच देशाच्या धोरणावर सारे आयुष्य टांगणे शहाणपणाचे नाही. त्याहून गंभीर धोका दलालांचा. २०२२ साली थायलंडमध्ये नोकरीचे आमिष दाखवून अनेक भारतीय तरुणांना म्यानमारमधील म्यावाडी येथे नेण्यात आले आणि सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपण्यात आले. परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. त्या नोकऱ्या शिक्षकाच्या नव्हत्या, पण आमिषाची रीत सगळीकडे तीच असते. घरातील दागिने मोडण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी पाहिल्याच पाहिजेत. दलाल परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का? करारपत्रावर शाळेचे नाव आणि वेतन स्पष्ट आहे का? व्हिसा कामाचा आहे की पर्यटनाचा? 'आधी पर्यटक म्हणून जा, मग बघू' असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडणाऱ्या चिपळूणकर आणि टिळकांना इंग्रजीचे वावडे नव्हते; वावडे होते ते तिच्यापुढे वाकण्याचे. पुढच्याच वर्षी 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत निघू लागला. आपल्या भाषेत पाय रोवून परकी भाषा आत्मसात करण्याचा तो वस्तुपाठ होता. आज इंग्रजी शिकवायला परदेशी निघालेल्या तरुणाने तोच गिरवावा. तेथे मिळवलेले कौशल्य घेऊन त्यांतले काहीजण जरी उद्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील फळ्यापुढे उभे राहिले, तरी इंग्रजीच्या धास्तीने शाळा सोडणाऱ्या मुलांना आपली पायरी ओळखणारा शिक्षक मिळेल.